कुत्रं अर्ध्यावर सोडायला शिकू या: मराठवाड्यातल्या ग्रूमर मंडळींना खुले पत्र

प्रति,
छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव, लातूर, नांदेड, परभणी आणि हिंगोली जिल्ह्यांत कुत्र्यांची ग्रूमिंग पार्लरं चालवणाऱ्या आणि तिथं टेबलाशी उभं राहून काम करणाऱ्या सर्व भावा-बहिणींना,

सप्रेम नमस्कार.

मी लातूरला दोन खोल्यांचं पार्लर चालवते. २०१४ पासून हेच काम करते आहे. तुमच्यापैकी काही जण माझ्याकडेच ट्रिमर धरायला शिकले, काहींकडून मी शिकले. तेव्हा बाहेरच्या कुणीतरी चार गोष्टी सुनवाव्यात तसं हे पत्र वाचू नका. माझी विनंती एकच आहे. कुत्रं घाबरलं की हातातलं काम थांबवा. एका कुशीचे केस कापून झालेत आणि दुसऱ्या कुशीचे राहिलेत, तरी थांबवा. दोनच पायांची नखं झालीत, तरी थांबवा. तसंच अर्धवट कुत्रं मालकाच्या हातात द्या आणि चार दिवसांनी परत आणायला सांगा.

हे वाचून तुमच्या मनात काय आलं असेल ते मला ठाऊक आहे. मालक काय म्हणेल, पैसे कोण देईल, गावात नाव काय राहील. माझ्याही मनात बरीच वर्षं हेच यायचं. त्यावर पुढे लिहितेच. आधी माझ्या हातून काय घडलं ते ऐका.

२०१५ चा मे महिना होता. दुपारचे बारा वाजून गेले होते. आपल्याकडे घरोघर असतो तसा एक पांढरा पामेरियन आला, वय सहा वर्षं, नाव मोती. मालकांना लग्नाला जायचं होतं. "चार वाजता येतो, उन्हाळ्याचं झिरो मारून द्या," म्हणजे सगळे केस कातडीपर्यंत साफ काढा, असं म्हणाले आणि गेले. मोती टेबलावर चढवल्यापासून थरथरत होता. केस वाळवायचा गरम हवेचा ब्लोअर लावला तसा किंचाळायला लागला आणि मग माझ्या मनगटाला तोंड लावलं. मी कापडी मझल, म्हणजे तोंडाला बांधायचं मुसकं, काढलं आणि घट्ट आवळून बांधलं. मान लूपमध्ये, म्हणजे टेबलाच्या दांड्याला लटकणाऱ्या पट्ट्याच्या फासात, पोटाखालून दुसरा पट्टा, आणि मागचे पाय माझ्याकडे कामाला असलेल्या पोराने धरलेले. "लई नाटकं करायलंय ताई हे," तो म्हणाला, "मी दाबून धरतो, तुम्ही घ्या उरकून." मी उरकायला लागले. पाचेक मिनिटांनी मोती एकदम शांत झाला. मला हायसं वाटलं. पोराला म्हटलंसुद्धा, "बघ, कळलं त्याला."

त्या वेळी स्टीलच्या टेबलावर त्याच्या पंजांचे ओले ठसे उमटले होते. टेबल आम्ही नुकतंच कोरडं पुसलं होतं. मी ठसे पाहिले आणि कुठंतरी पाणी राहिलं असेल म्हणून सोडून दिलं. तो घाम होता. कुत्र्याला घाम येतो तो पंजाच्या गाद्यांना, आणि भीतीने येतो तो असाच, ठसा उमटेल इतका. बाकी सगळं अंग थंड ठेवायला त्याच्याकडे मुख्य उपाय एकच असतो: तोंड उघडून, जीभ बाहेर टाकून धापणं. ते तोंड मी बांधून ठेवलं होतं, मे महिन्याच्या दुपारी, गरम हवेच्या झोतापुढे.

मान एका बाजूला कलंडली तेव्हा मी मझल ओढून काढलं. जीभ जांभळी पडली होती. अंगावर बादलीभर साधं पाणी ओतलं, पंख्याखाली धरलं आणि रिक्षा करून दवाखाना गाठला. कुत्र्याच्या अंगाची उष्णता एरवी १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असते. डॉक्टरांनी लावलेल्या थर्मामीटरवर १०६ च्या वर आकडा होता. दोन दिवस सलाइन चाललं आणि मोती वाचला. मालक माझ्याशी भांडले नाहीत. उलट मलाच धीर देत म्हणाले, "तुमचा काय दोष ताई, तेच पहिल्यापासून चिडकं आहे." त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दोष सगळा माझा होता आणि तो कुत्र्याच्या नावावर गेला. म्हणून आज सगळ्यांसमोर तो मी पदरात घेते आहे.

मोतीने मला बारा वाजल्यापासून सांगितलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. घाबरलेलं जनावर आधी निसटायला बघतं. निसटता आलं नाही तर तोंड टाकतं. तेही चाललं नाही की थिजतं. ते थिजणं आपल्याला शांत होणं वाटतं आणि आपण हात आणखी भरभर चालवतो. टेबलावरचं कुत्रं खरंच निवांत आहे की थिजलंय, हे ओळखायला मी एक साधी गोष्ट करते. हात काढून घेते आणि आवडीचा घास नाकाशी धरते. निवांत कुत्रं मान वळवतं, घास घेतं, अंग सैल सोडतं. थिजलेलं कुत्रं घासाकडे बघतही नाही. घरी पनीरवर उडी मारणारं कुत्रं टेबलावर पनीर नाकारत असेल तर माझं काम तिथंच संपतं.

त्याच्याही आधीच्या खुणा असतात आणि त्या बारीक असतात. काही खायला नसताना ओठांवरून जीभ फिरते. झोप आलेली नसताना जांभई येते. तोंड एकीकडे वळलेलं आणि डोळा मात्र आपल्या हातावर, त्यामुळे बुबुळाच्या कडेला पांढरी चंद्रकोर दिसते. कान मागे पडतात, शेपूट पोटाखाली जाते, आणि ब्रशला अचानक मूठभर केस यायला लागतात. भीतीने केस जास्त गळतात. तो "सीझन बदलतोय" म्हणून गळणारा केस नसतो, हे माझ्या लक्षात यायला दोन वर्षं गेली.

आणि गुरगुरणं. यावर मला जरा थांबून बोलायचं आहे, कारण आपल्या पार्लरांत सगळ्यात जास्त मार याच गोष्टीसाठी बसतो. मांजरसुंब्याच्या घाटात ट्रकवाला वळणावर हॉर्न वाजवतो. आपण त्याला खाली उतरवून थोबाडीत मारत नाही. आपण गाडी बाजूला घेतो. गुरगुरणारं कुत्रं तेवढंच करत असतं. पुढं वळण आहे, जपून, एवढंच त्याचं म्हणणं. त्याच्या नाकाडावर फटका मारून आपण ते बंद पाडलं की त्याची भीती जात नाही, नुसता हॉर्न जातो. मग तेच कुत्रं तीन महिन्यांनी दुसऱ्या कुणाच्या पार्लरमध्ये "काहीच कारण नसताना" चावतं. कारण होतं. ते सांगायची वाट आपण बंद केली होती. तुमच्याकडे न गुरगुरता चावणारं कुत्रं आलं तर ते आधी कुठल्या टेबलावरून आलं असेल, याचा एकदा विचार करा. माझ्याकडूनही अशी दोन-तीन कुत्री तुमच्याकडे आली असतील. त्याबद्दल माफी मागते.

आता मझलबद्दल. मझल वापरूच नका असं मी म्हणत नाही. मीही वापरते. पण आपल्या घरातली जुनी माणसं मुसकं कसं बांधायची ते आठवा. कोळपणीला बैलाने पिकात तोंड घालू नये म्हणून दोरीच्या जाळीचं मुसकं असायचं. त्यात बैल तोंड उघडू शकायचा आणि श्वास मोकळा चालायचा. कुत्र्यासाठी असंच जाळीचं मझल मिळतं. त्यात धापता येतं, पाणी पिता येतं, जाळीतून घास देता येतो. कापडी मझल तोंड आवळून बंद करतं. डॉक्टर इंजेक्शन देताना मिनिटभर बांधतात ती वेगळी गोष्ट. पारा ४२-४३ वर असताना तासभर कापडी मझल बांधून ब्लोअर मारणं म्हणजे मी मोतीला जे केलं तेच करणं. पग, शिह त्झू, लासा अशा बसक्या नाकाच्या कुत्र्यांना तर मोकळ्या तोंडानेही श्वास कमी पडतो. त्यांना मी मार्च ते जून दुपारी घेतच नाही. सकाळी नऊच्या आत या, नाहीतर दिवे लागल्यावर या.

लूपच्या बाबतीत एवढंच: लूपमध्ये कुत्रं अडकवून कुणीही, फोन घ्यायलाही, टेबलापासून लांब जायचं नाही. कुत्र्याने उडी मारली तर तो फास होतो. आणि टेबलावर रबरी मॅट टाका. पाय घसरत असलेल्या जनावराला बाकी काहीही प्रेमाने करा, त्याचा जीव पायांतच अडकलेला असतो. ट्रिमरचं ब्लेड पाच-दहा मिनिटांत तापतं. ते आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायची सवय ठेवा. "काखेत आणि पोटाला आलं की चावतं" अशी तक्रार असलेली निम्मी कुत्री थंड ब्लेड लावलं की चावत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

ब्लोअरला मी सगळ्यात जास्त घाबरते, कुत्र्यांच्या वतीने. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला ४५,००० च्या आसपासचाही. आपले कान ज्याने किटतात तो आवाज त्याच्या कानाशी धरून आपण म्हणतो, हलू नको. आता मी ब्लोअर दुसऱ्या खोलीत चालू करते, दार लोटून. कुत्रं इकडे माझ्यापाशी दही चाटत असतं. आवाज सुरू झाला की दही येतं, आवाज बंद झाला की दही जातं. चार-पाच फेऱ्यांनी दार किलकिलं करते. कधी त्याच दिवशी जमतं, कधी जमत नाही. जमलं नाही तर टॉवेलने टिपायचं आणि पंख्याखाली बसवायचं. आपल्या हवेत शिह त्झूसुद्धा तासाभरात वाळतो, मग एवढी घाई कशाची? दाट केसाच्या कुत्र्याची मुळं ओली राहिली तर खाज आणि बुरशी होते हे खरं. तिथं मोठा टॉवेल आणि कमी वेगाची हवा वापरावी लागते आणि वेळ जातो. जाऊ द्यावा. पिंजऱ्यात बसवून गरम हवा सोडणं मात्र आपल्या भागात कुणीही करू नये.

हे सगळं मी कुठे शिकले? थोडं मोबाइलवर. अमेरिकेतल्या पशुवैद्य डॉ. सोफिया यिन यांचे व्हिडिओ मी रात्री जागून पाहिले. जनावराला कमीत कमी भीती वाटेल असं हाताळायचं कसं, हे त्यांनी जगभरच्या डॉक्टरांना शिकवलं. मी पार्लर उघडलं त्याच वर्षी, २०१४ मध्ये, त्या गेल्या. पण खरं शिकवलं ते लातूरच्या दुष्काळाने.

२०१६ चा उन्हाळा तुम्हाला आठवत असेल. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींनी लातूरला पाणी आणावं लागलं. माणसांना आठवड्यातून एकदा पाणी मिळत असताना कुत्र्याला अंघोळ घालणं मला लाजिरवाणं वाटलं. मी अंघोळ बंद केली. टेबल भिंतीला लावून ठेवलं, फरशीवर सतरंजी अंथरली आणि नुसतं ब्रशिंग करायला लागले. कुत्र्याशेजारी बसायचं, विंचरायचं, गोचीड काढायचे, कान बघायचे, झालं. मालकही शेजारी बसायचे, त्यांना तरी घाई करून जायचं कुठे होतं. महिनाभरात एक गोष्ट लक्षात आली. दारात पाय रोवून बसणारी, उंबऱ्यावर मुतणारी कुत्री स्वतःहून आत यायला लागली. टेबल नाही, पाणी नाही, आवाज नाही, मालक जवळ. मी वेगळं काहीच शिकले नव्हते. फक्त चार गोष्टी बंद पडल्या होत्या, आणि त्या बंद पडल्यावर कळलं की कुत्र्यांना माझी भीती कधीच नव्हती. पाऊस आला, पाणी आलं, अंघोळी सुरू झाल्या. पण सतरंजी मी उचलली नाही. अजूनही निम्मं काम फरशीवर होतं. आणि निरोगी कुत्र्याला महिन्यातून एक अंघोळ पुरते हे मी तेव्हापासून मालकांना उघड सांगते, धंदा कमी झाला तरी.

एक लॅब्राडॉर आहे, राणी. आठ वर्षांची, वजन ३६ किलो. आधीच्या एका ठिकाणी नख कापताना आतली शीर तुटली होती, तेव्हापासून पंजाला हात लावला की उलटायची. मालकीणबाईंना मी सांगितलं, पहिले तीन दिवस नखकटर दिसणारसुद्धा नाही. पहिल्या दिवशी मी तिच्या कुशीला पाठ करून बसले. तिने येऊन माझा खांदा हुंगला, मी ताटलीत दही ठेवलं, एवढंच. दुसऱ्या दिवशी खांद्यापासून कोपरापर्यंत हात फिरवला. कोपराखाली हात गेला की तिचा श्वास थांबायचा, मी हात वर घ्यायची. चौथ्या वेळी मांडीवर दुमडलेला टॉवेल ठेवला आणि त्यावर हनुवटी टेकवायला शिकवलं. हनुवटी टॉवेलवर आहे तोवर मी पंजा धरणार, हनुवटी उचलली की सोडणार. हा करार तिला दोन बैठकांत कळला. सहाव्या वेळी एक नख कापलं. एकच, तेही टोकाचा नखभर भाग. राणीने हनुवटी उचलली, माझ्याकडे पाहिलं, मी कटर खाली ठेवला. तिने परत हनुवटी टेकवली. अकरा वर्षांत माझ्या कामावर कुणी इतका विश्वास टाकल्याचं मला आठवत नाही. तीन आठवडे लागले. आज तिची अठरा नखं अर्ध्या तासात होतात, मधे दोनदा उठून फिरून येते, ते धरून.

आता पैशाचं. अडचण खरी तिथंच आहे आणि ती मी लपवणार नाही. आपल्याकडे भाव कुत्र्यावर असतो: लहान जात इतके, मोठी जात इतके. म्हणजे जितकं लवकर उरकाल तितकी कमाई. कामाच्या पोरांना कुत्र्यामागे कमिशन देतात तिथं तर दाबून धरणाऱ्यालाच बक्षीस मिळतं. मी दोन्ही बदललं. पोरांना महिन्याचा पगार ठरवला. भाव वेळेवर लावला. अर्धं काम झालं तर अर्धे पैसे, उरलेलं काम पुढच्या फेरीत आणि उरलेले पैसे तेव्हा. कुत्रं घाबरट असेल तर पहिली भेट फुकट, त्यात नुसतं येऊन बसायचं. पहिल्या वर्षी बरीच गिऱ्हाइकं तुटली. एक कोकर स्पॅनियल एका कानाचे केस कापलेला आणि दुसऱ्याचे तसेच लोंबणारे असा मी परत दिला, तेव्हा मालकाने गल्लीत उभं राहून मला ऐकवलं. दोन महिन्यांनी तोच माणूस दुसरं कुत्रं घेऊन आला. कारण त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आज माझ्याकडे दिवसाला पूर्वीपेक्षा कमी कुत्री येतात आणि महिन्याचा हिशेब जवळपास तोच बसतो. चावण्याची इंजेक्शनं, फुटलेलं सामान, सोडून जाणारी पोरं हे सगळे खर्च आपण कधी मांडतच नाही. मांडून बघा.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात मी नवीन कुत्रं घेत नाही. फटाके सुरू झालेले असतात, कुत्रं आधीच चार दिवस न झोपलेलं असतं, आणि त्यात आपण ब्लोअर लावायचा. एका भीतीचा ताण अंगातून उतरायला कधी दोन-तीन दिवस लागतात. त्यावर दुसरी चढली की शहाणं कुत्रंही चावतं.

"झिरो मारून द्या" या मागणीला नकार द्यायलाही आपण शिकलं पाहिजे. पामेरियन, लॅब, जर्मन शेफर्ड, हस्की, गोल्डन यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. तो थर उन्हापासूनही राखतो. तो साफ काढला म्हणजे कुत्र्याला गार वाटतं हा गैरसमज आहे. कातडी उन्हाला उघडी पडते, आणि पामेरियनला तर कधी कधी परत केस नीट येतच नाहीत. मोतीला त्या दिवशी झिरोची गरजच नव्हती, हे मला आज लिहिताना जड जातंय. उलट, कातडीला चिकटून जटा झाल्या असतील, हात लावला की कातडी ओढली जात असेल, तर दोन तास कंगवा मारून "लूक" वाचवू नका. तिथं आखूड कापणंच दयेचं आहे. मालक हळहळला तरी चालेल, केस बहुतेकदा परत येतात. आणि खेड्यांतून येणारा आपल्याकडचा कारवान कुत्रा, त्याला तर ग्रूमिंग म्हणावं असं काही लागतच नाही. कातडी पातळ असते, परक्याचा हात त्याला खपत नाही. ओल्या कपड्याने पुसून मालकाच्या हातूनच नखं घासून घ्या.

म्हातारं कुत्रं टेबलावर "नाटकं" करत असेल तर आधी सांधे आठवा. मागचा पाय उचलला की ओरडतंय, म्हणजे कंबर दुखते. कानाला हात लावू देत नाही, म्हणजे कानात पू असू शकतो. ते काम डॉक्टरांचं, आपलं नाही. गुंगीच्या गोळ्यांचंही तसंच. काही ठिकाणी मालकालाच मेडिकलमधून गोळी आणून द्यायला सांगतात असं कानावर येतं. नको. वजन, हृदय, वय पाहून ते फक्त पशुवैद्यांनी ठरवायचं. शिवाय काही जुनी औषधं अंग ढिलं करतात आणि भीती तशीच ठेवतात. कुत्रं हलत नाही, पण सगळं कळत असतं. ज्या कुत्र्याला खरंच औषधाशिवाय जमत नाही त्याचं काम दवाखान्यात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली व्हावं.

मालक मंडळीही हे वाचत असतील. तुम्हाला दोन शब्द. पिल्लू तीन ते चौदा आठवड्यांचं असताना जे जे ओळखीचं होतं ते पुढे सोपं जातं. त्या दिवसांत रोज दोन मिनिटं पंजे धरा, कान उघडून बघा, दात बघा, घास द्या. पुढची दहा वर्षं वाचतील. तुमचं कुत्रं आधी कुणाला चावलं असेल तर लपवू नका, त्यासाठी आम्ही त्याला हाकलणार नाही. रेबीजच्या लसीचं कार्ड सोबत आणा. गोचिडांवर रॉकेल ओतू नका, कातडी भाजते. आणि आमच्या दारात कुत्रं सोडताना "हाणलं तरी चालेल, लई माजलंय" असं म्हणू नका. ते गमतीत म्हणता हे आम्हाला कळतं. आमच्याकडच्या सतरा वर्षांच्या पोराला ती परवानगी वाटते.

कायद्याचं एक वाक्य सांगते, धमकी म्हणून नाही. १९६० च्या प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या अधिनियमाच्या कलम ३ मध्ये म्हटलंय की ज्याच्या ताब्यात प्राणी आहे, त्याने त्याच्या भल्याची आणि त्याला विनाकारण वेदना होऊ न देण्याची काळजी घेतली पाहिजे. मालक दार ओढून गेला की ते चार तास ताबा आपला असतो.

पण आपल्याला हे कायद्याने कशाला शिकवायला हवं? आपण पोळ्याच्या मुलखातली माणसं. माझे वडील पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी करायचे. वर्षभर जू ओढून घट्टे पडलेल्या खांद्यांना लोणी आणि हळद चोळायचे, आणि बैलाच्या कानाशी वाकून म्हणायचे, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." बैलाचा खांदा दुखरा असायचा, पहिला हात लागला की तो कातडी थरथरवायचा. वडील हात तिथंच ठेवून थांबायचे. थरथर थांबली की मग चोळायचे. मी सहा-सात वर्षांची असेन, मला वाटायचं, एवढा वेळ कशाला लावतात. वेसणही आम्हीच घालत होतो आणि चाबूकही घरात होता, हे मी विसरलेले नाही. पण ते हात ठेवून थांबणं आपल्या घरात होतं. ते बाहेरून आणायचं नाही.

परभणी आणि उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांनाही याच पत्रातून विनंती करते. आपल्या भागातल्या ग्रूमरना शिकायची जागा नाही. बहुतेक जण पुण्या-मुंबईच्या पार्लरमध्ये चार-सहा महिने राबून आलेले, नाहीतर नुसते बघून शिकलेले. तिथं आधी वेग शिकवतात. वर्षातून दोन दिवसांचं एक शिबिर घ्या: भीतीच्या खुणा, उष्माघात, कातडीचे आजार, दुखणं ओळखणं. आम्ही आमच्या खर्चाने येऊ, दुकानं बंद ठेवून येऊ. विद्यार्थ्यांनाही आमच्याकडे पाठवा, दवाखान्यात न दिसणारी कुत्री त्यांना आमच्या फरशीवर दिसतील.

तोवर माझ्याकडे या. मंगळवारी दुपारी चारनंतर मी एकही बुकिंग घेत नाही. सतरंजी अंथरलेली असते, दही लावलेलं असतं. तुमच्याकडे जे कुत्रं कुणालाच आवरत नाही ते घेऊन या, मालकालाही आणा. कटर, ट्रिमर पिशवीतच राहू द्या. मोती आता या जगात नाही. २०१५ नंतर तो पाच वर्षं जगला, पण माझ्या दारात त्याने परत कधी पाय टाकला नाही. त्याचे मालक त्याला रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने फिरवायचे.

आपली,
लातूरची एक ग्रूमर